आजीचं पहिलं नाव

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यातली पहिली वंशावळ बारावीनंतरच्या उन्हाळ्यात काढलेली असते. हौसेनं नाही, व्हॅलिडिटीसाठी. अॅडमिशनचा राउंड तोंडावर आलेला असतो, सेतूत गर्दी असते, आणि वडील कुठल्याशा जुन्या डायरीच्या मागच्या पानावर खापरपणजोबांपासून खाली रेघा ओढत बसलेले असतात. मग ते झाड शपथपत्रावर टाईप होतं, शिक्का बसतो, फाईल जमा होते. सर्टिफिकेट हातात पडलं की घराण्याचा इतिहास पुढच्या भावंडाच्या बारावीपर्यंत कपाटात.

दोन वर्षांपूर्वी काकाजींच्या मुलीची पाळी आली आणि "तू कॉम्प्युटरवाला आहेस, तूच बघ" या न्यायानं ती फाईल माझ्याकडे आली. (कॉम्प्युटरचा आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूमचा संबंध काय, हे मोठ्यांना विचारायचं नसतं.) तिचं काम चार महिन्यांत झालं. माझं अजून चालू आहे. वीकेंडला मित्र पेंचला जातात, मी काटोल तालुक्यात पटवाऱ्याला गाठायला जातो. कागदोपत्री तो २०२४ पर्यंत तलाठी होता, पण आपल्याकडे पटवारीच.

माझा एक अमेरिकन सहकारी आहे. त्यानं एकदा कॉलवर बोलता बोलता पणजोबांचं नाव टाकलं आणि संध्याकाळपर्यंत ते कोणत्या बोटीनं आले, कुठल्या गल्लीत राहिले, काय काम करायचे, सगळं काढून दाखवलं. त्यांच्याकडे ७२ वर्षं झाली की जनगणनेच्या घरोघरच्या याद्या खुल्या होतात. १९५० ची यादी १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. इंग्लंडची १९२१ ची यादी त्याच वर्षी जानेवारीत आली. आपल्याकडेही १८७२ पासून जनगणना होते, पण आपल्या हाती उरतात ते तक्ते: इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतकी घरं. तुमचा पणजोबा त्या आकड्यात कुठेतरी असतोच, पण त्याला बाहेर काढता येत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की शोधायची पद्धतच बदलते. आपल्याकडे कुणी कुणाचं नाव सहज म्हणून लिहून ठेवलेलं नाही. ज्यानं लिहिलं त्याला काहीतरी हवं होतं. सरकारला सारा हवा होता म्हणून पटवाऱ्याची वही. साथ कुठे आली ते कळायला हवं होतं म्हणून जन्ममृत्यूची वही. भाटाला बिदागी हवी होती, पंड्याला दक्षिणा. म्हणून "माझ्या घराण्याची माहिती कुठे मिळेल" असं विचारून काही होत नाही. "माझ्या पणजोबाकडून कुणाला काय पाहिजे होतं" असं विचारायचं. ज्याच्याकडून कुणाला काहीच नको होतं, त्याचं नाव बहुधा कुठेच नाही.

आता आपल्या भागाची गंमत. विदर्भ म्हणून आपण एका दमात बोलतो, पण कागदांच्या बाबतीत हे दोन देश आहेत. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि तिथे रयतवारी लागली, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याशी हिशेब करणार. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि इकडे मालगुजारी लागली. गाव मालगुजाराच्या नावे, त्याच्या खाली काश्तकार. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं तरी वह्या वेगळ्याच राहिल्या. म्हणून अमरावतीच्या मित्रानं "गाव नमुना १४ बघ, जन्ममृत्यू त्यातच असतो" असं सांगितलं तर नागपूर जिल्ह्यात त्याचा उपयोग नाही. इथे विचारायचं कोतवाल बुक. आणि वऱ्हाडात कोतवाल बुक मागितलं तर समोरचा तुमच्याकडे नुसता बघेल.

बंदोबस्ताच्या कागदांत मालगुजार तर असतोच, पण काश्तकारांची नावंही असतात, बापाच्या नावासकट: अमुक वल्द तमुक. हा 'वल्द' म्हणजे आपला पॉइंटर. एका नोंदीवरून मागच्या पिढीत उडी मारता येते. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. तिच्या आगेमागेचे हक्काचे कागद, त्यानंतरचे फेरफार आणि आजचा सातबारा अशी साखळी लागली तर चार पिढ्या सहज निघतात. फेरफारांत वारसांचा फेरफार सोन्यासारखा, कारण माणूस मेला की त्याच्या सगळ्या मुलांची नावं एका ओळीत येतात. सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' दिसलं तर मूल अज्ञान होतं आणि पालक कोण ते कळतं. 'ए. कु. क.' दिसलं तर एकत्र कुटुंबाचा कर्ता. महाभूलेखवर आजचा उतारा घरबसल्या दिसतो, काही जिल्ह्यांचे जुने स्कॅनही 'आपले अभिलेख'वर चढलेत. बाकी नक्कल अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत, सोमवारी या".

पण ही सगळी साखळी जमिनीची आहे. माझ्या टीममधला एक मित्र नागपुरातलाच. त्याचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते (१ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली, २००२ मध्ये बंद पडलेली तीच ती टाटांची मिल). घराण्यात जमीन नव्हती, त्यामुळे पटवाऱ्याच्या वहीत कुणीच नाही. अनुसूचित जातीसाठी पुरावा लागतो १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा चालतो. म्हणजे ज्यांच्याकडे कागद सगळ्यात कमी त्यांनी सगळ्यात मागे जायचं! त्यात १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतरच्या कागदांत जातीच्या रकान्यात 'बौद्ध' आणि त्याआधी वेगळं, त्यामुळे एकच घर दोन घरांसारखं दिसतं. त्याला शेवटी शाळेनं वाचवलं, आजोबांच्या थोरल्या भावाच्या. त्याच्यामुळे मला कळलं की शाळेचं दाखल खारीज रजिस्टर हा या सगळ्या कागदांतला सर्वांत समतावादी कागद आहे. पोरगा शाळेत गेला, नाव चढलं. बापाकडे शेत आहे का, हे कुणी विचारलं नाही.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा राज्यभर या रजिस्टरांवरची धूळ झटकली गेली. कुठले कागद तपासायचे त्यांची यादी निघाली: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, प्रवेश निर्गम नोंदवही... राजकारण बाजूला ठेवा, घराणं शोधणाऱ्यासाठी ती यादी म्हणजे तयार चेकलिस्ट आहे. मोडी वाचणाऱ्यांना तेव्हा अचानक भाव आला. मोडी शिकायला काही आठवडे पुरतात, पण शिकलेली मोडी आणि गावच्या पटवाऱ्यानं घाईत लिहिलेली मोडी यांत, डॉक्टरच्या चिठ्ठीइतकं अंतर असतं.

आमच्या घरातली दंतकथा अशी की "साथीत सगळे गेले, आणि आजोबांच्या वडिलांना मामानं वाढवलं." कोणती साथ? कुणालाच माहीत नाही. पटकी म्हणावी, प्लेग म्हणावा, देवी म्हणावी. पणजोबांच्या मूळ गावी जमिनीच्या कागदांत आमचं कुणी सापडत नव्हतं, कारण आमच्याकडची सगळी जमीन मामाच्या गावची. म्हणून कोतवाल बुक. मध्य प्रांतात गावच्या कोतवालानं जन्म आणि मृत्यू ठाण्यात जाऊन सांगायचे, तिथे ते चढायचे. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, मेला असेल तर कशानं. भाषा मराठी-हिंदीची खिचडी, शाई कुठे उडालेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या.

मी १९१० पासून पुढे पानं बघत गेलो. एका पानावर महिन्याचे दोन मृत्यू, तीन मृत्यू. आणि १९१८ चा ऑक्टोबर आला. पान भरलं. पुढचं पान भरलं. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. काही ठिकाणी लिहिणाऱ्यानं कंटाळून नुसत्या दोन टिंबांच्या खुणा केल्यात, वरच्याप्रमाणे म्हणून. इन्फ्लुएंझाची साथ १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरली आणि पावसाळ्यानंतर दुसऱ्या लाटेत देशभर पसरली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा तिचा सगळ्यात मोठा फटका बसलेल्या प्रांतांपैकी एक. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण अकरा दिवसांत आमच्या आडनावाच्या चार नोंदी एकाखाली एक बघणं वेगळं. पणजोबांचे वडील, त्यांचा भाऊ, एक 'मुलगा वय ३', आणि एक 'बाई', तिच्या नवऱ्याच्या नावानं. पणजोबा तेव्हा आठेक वर्षांचे असावेत. त्यांचं नाव त्या पानांवर नाही, म्हणून मी आहे.

रेकॉर्ड रूममधल्या बाबूनं माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, हे पान सारेच जन पाहून रडते. चहा घेता काय?" घेतला.

एक टेक्निकल सूचना इथेच देतो. स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. लिहिणारा हिंदी भाषक असेल तर आपला लक्ष्मण लखमन होतो, लछमन होतो. घरात ज्याला सगळे सोन्या म्हणायचे तो कागदावर सोनबा, सोनू, सोनाजी, काहीही. आडनाव तर पुष्कळ जुन्या नोंदींत नसतंच. नाव, बापाचं नाव, गाव आणि जात ही चार मिळून प्रायमरी की समजा, आणि ती युनिक असेल अशी आशा धरू नका. सनांचंही तसंच. शक असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. फसली सन दिसला तर आधी तो कुठल्या भागातला ते बघा, दक्खनच्या आणि उत्तरेच्या फसलीत दोनेक वर्षांचा फरक आहे.

भाट आणि पंडे यांच्याबद्दल थोडक्यात. आमच्याकडे भाट यायचा, बाबांनी लहानपणी बघितलाय. वही उघडून सात पिढ्या गाऊन दाखवायचा, नवीन जन्मलेल्यांची नावं चढवायचा, धान्य आणि धोतरजोडी घेऊन जायचा. नंतर यायचा बंद झाला, आणि वही कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही. गोंडांकडे हे काम परधानांचं, बाणा वाजवून ते यजमानाचं कुळ गातात. तिकडे कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो तर अमेरिकेतल्या मॉर्मन मंडळींनी काढून ठेवलेत, फॅमिलीसर्चवर 'हिंदू पिल्ग्रिमेज रेकॉर्ड्स' नावानं दिसतात. त्यात बराचसा भाग उत्तरेतल्या तीर्थांचा. कुणी घरातलं गयेला किंवा प्रयागला जाऊन आलं असेल तर पंड्याचं नाव विचारून ठेवा, त्याच्या वहीत तुमच्या आजोबांची सही असू शकते. छापील कुलवृत्तांत असणाऱ्या भाग्यवंतांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. थुंकी देऊन होणाऱ्या डीएनए चाचणीबद्दल पण विचारतात लोक. ती तुम्हाला हजारो वर्षांपूर्वीचं काहीबाही सांगते, पणजीचं नाव सांगत नाही.

आणि मला आता पणजीचं, आजीचंच नाव पाहिजे होतं.

झालं असं की वंशावळीसाठी मी आजीला विचारायला बसलो. ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांची आहे, सकाळी मला बाबांच्या नावानं हाक मारते, पण जुनं सगळं लख्ख. फोनवर रेकॉर्डिंग लावलं. (हे कराच. सगळ्या सूचनांत ही एक पाळली तरी पुरे. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा, फाईलला तारीख द्या, दोन ठिकाणी ठेवा.) सासऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, दीर, चुलत दीर, कोण कुठे दिलं, कुणाची दुसरेपणाची बायको कुठली, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. आमच्या घराण्याचा डेटाबेस तिच्या डोक्यात, आणि ती स्वतः त्या घराण्यातली नाही. मी विचारलं, आजी, तुझं माहेरचं नाव काय गं?

"माह्यं नाव? कायले पायजे तुले?" मग थोडं थांबून म्हणाली, "ते तं मांडवातच राह्यलं."

लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, ते तेव्हापासून. आधारवर ते, रेशन कार्डावर ते, आजोबांच्या पेन्शनच्या कागदांवर ते. माहेरचं नाव तिनं मला सांगितलं, हळूच, जणू दुसऱ्या कुणाचं तरी सांगते आहे. बाबांना ते माहीत नव्हतं. साठीच्या पुढच्या माणसाला आपल्या आईचं पहिलं नाव माहीत नव्हतं, आणि त्याला त्यात काही विशेषही वाटलं नाही. व्हॅलिडिटीच्या झाडात बाई येते ती अर्जदार म्हणून, शेवटच्या फांदीच्या टोकाला. मधल्या सगळ्या फांद्या पुरुषांच्या.

मग मी ते नाव कागदावर शोधायला घेतलं. आधी तारखा पक्क्या करायच्या होत्या. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नये. घटना विचाराव्यात. आपल्या भागासाठी माझी यादी अशी: चिमूर-आष्टीचं आंदोलन (ऑगस्ट १९४२), गांधीहत्या (३० जानेवारी १९४८), नागपूरची दीक्षा (१९५६), नवे पैसे (१ एप्रिल १९५७), महाराष्ट्र झाला (१९६०). आजीचं उत्तर तयार होतं. "गांधीबाबाले मारलं तवा मास्तरनं शाळा सोडली, आमी घरी आलो. मी दुसरीत होती." आणि लग्न? "नवे पैसे आले त्या उन्हाळ्यात. बँडवाले जुनेच पैसे मागे." म्हणजे जन्म १९४० च्या आसपास, लग्न १९५७.

तिच्या माहेरच्या गावचं कोतवाल बुक. १९३८ ते १९४२. तिच्या वडिलांच्या नावापुढे दोन जन्म सापडले, एक १९३८ चा, एक १९४० चा. दोन्हीकडे एवढंच: 'मुलगी'. नाव नाही. जन्म झाल्याबरोबर कोतवाल ठाण्यात सांगायला जाणार, बारसं व्हायचं असतं, त्यामुळे नाव नसणं स्वाभाविक आहे. मुलग्यांच्या नोंदींतही बऱ्याच ठिकाणी नसतंच. पण मुलगा पुढे सातबाऱ्यावर येतो, फेरफारात येतो, मतदार यादीत बापाच्या नावासकट येतो. मुलगी त्या गावातून निघून जाते.

दोघींतली आजी कोणती? मृत्यूची पानं बघितली. १९३९ च्या पावसाळ्यात त्याच बापाच्या नावापुढे 'मुलगी, वय १ वर्ष, ताप'. तर पहिली ती. आजीला विचारलं तर म्हणाली, हो, आईला एक आधी झाली होती, पण तिचं नाव आई घेत नसे. ती मुलगी सरकारी कागदावर दोनदा आहे, जन्मली तेव्हा आणि गेली तेव्हा, आणि दोन्हीदा नावाविना. मी ग्रॅम्प्स वापरतो, फुकटचं आणि चांगलं सॉफ्टवेअर आहे, २००१ पासून चालू. त्यात तिची एंट्री करताना नावाचा रकाना मोकळा सोडला. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, आपोआप एक आयडी देतो. आमच्या झाडात ती आय-००४७ आहे.

आजीसाठी शाळा गाठली. आता ती जिल्हा परिषदेची शाळा आहे. हेडमास्तर बाई सज्जन निघाल्या, कपाटातून तीन जाड रजिस्टरं स्वतः काढून दिली. त्या रजिस्टरांवरून आपल्या भागाचा सगळा राज्यकारभार वाचता येतो. सुरुवातीच्या पानांवर डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा शिक्का, १९४८ नंतर 'जनपद सभा, काटोल', आणि १९६२ पासून जिल्हा परिषद. १९४६ च्या जुलैमध्ये एकवीस नावं चढली आहेत. त्यांत मुली तीन. तिसरी आजी. नाव, बापाचं नाव, गाव, जात, धंदा काश्तकारी, जन्मतारीख १ जुलै १९४०. (ही तारीख मास्तरांची. त्या पानावर अर्ध्या गावाचा जन्म १ जुलैचा आहे. कोतवाल बुकातली फेब्रुवारीची खरी.) शाळा सोडल्याची तारीख १९५० ची, चौथीनंतर. कारणाच्या रकान्यात: 'घरकाम'.

मी फोटो काढून आणला आणि तिला मोठा करून दाखवला. तिनं बोटानं ओळ वाचली. स्वतःच्या नावावर बोट थांबलं नाही, पुढे गेलं आणि तिच्या वरच्या ओळीवर थांबलं. "हे सुमारची होती," म्हणाली, "पन पाढे पाठ होते तिचे." आणि तिसऱ्या मुलीबद्दल अर्धा तास बोलत बसली. फोनचं रेकॉर्डिंग चालू होतं, सुदैवानं.

घरातही एक कागद होता, फक्त तो पितळेचा होता. माळ्यावर आंदणातली भांडी असतात ना, ती कधी उलटीपालटी करून बघा. आपल्याकडे भांड्यावर नाव टाकल्याशिवाय कुणी देत नसे. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणतं गाव, तारीख, सगळं ठोकून ठोकून लिहिलेलं. पूर्ण पत्ता असलेला, वाळवी न लागणारा, आगीत न जळणारा दस्तावेज, आणि आपण तो भंगारवाल्याला किलोच्या भावानं देतो. आमच्या माळ्यावर एक गुंड आहे, त्यात वर्षानुवर्षं चिंच ठेवलेली असते. चिंच काढली, राखेनं घासला, मोबाईलचा उजेड तिरपा धरला (सरळ धरला तर अक्षरं दिसत नाहीत). चि. अमुक हिचे लग्नात सप्रेम भेट, मामाकडून, सन १९५७. आणि ते 'अमुक' म्हणजे माहेरचं नाव. मामानं लग्नाआधीच गुंड घेऊन नाव टाकून आणला होता, मांडवात काय नाव ठेवणार हे त्याला कुठून माहीत असणार? सासरच्या घरात सहासष्ट-सदुसष्ट वर्षं ते नाव चिंचेखाली होतं.

नाव मी इथे लिहीत नाही. विचारलं होतं तिला. "इंटरनेटवर नको टाकू बाप्पा, लोकं काय म्हंतीन." कोणते लोक, ते तिनं सांगितलं नाही.

आता सॉफ्टवेअरचा प्रश्न. वंशावळीच्या फाईली जेडकॉम नावाच्या फॉरमॅटमध्ये ठेवतात. तो मॉर्मन चर्चनंच १९८४ च्या सुमारास काढला, २०२१ मध्ये त्याची सातवी आवृत्ती आली. त्यात एका माणसाला अनेक नावं देता येतात, हे जन्माचं, हे लग्नानंतरचं असा प्रकारही लिहिता येतो. पण लग्नात आडनाव बदलतं एवढंच बहुतेक प्रोग्रॅम धरून चालतात. आपल्याकडे बाईचं पहिलं नाव बदलतं, मधलं बदलतं, आडनाव बदलतं, एकही अक्षर जुळत नाही. म्हणून मी नियम केलाय: प्रत्येक बाईची एंट्री जन्माच्या नावानं, सासरचं नाव पर्यायी. जिचं जन्माचं नाव कळलेलं नाही तिथे रकाना रिकामा, सासरचं नाव तिथे ढकलायचं नाही. सध्या आमच्या झाडात एकशे बारा माणसं आहेत, त्यांत बायका एक्कावन्न, आणि त्यांतल्या चौतीस जणींचा तो रकाना रिकामा आहे. कमी करायला घेतलेत. पद्धत सोपी आहे: घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला तिच्या सासूचं, जावेचं, नणंदेचं माहेरचं नाव विचारायचं. पुरुषांना विचारण्यात वेळ घालवू नये.

गुंडावर मामाचं गाव पण आहे. सौंसरच्या बाजूचं. आजीच्या आईचं माहेर तिकडचं असणार, आजीही तसंच म्हणते. म्हणजे आता मध्य प्रदेश. त्या काळी हे सगळं एकच राज्य होतं, नागपूर राजधानी, १ नोव्हेंबर १९५६ ला रेघ पडली आणि मराठी बोलणारं सौंसर पलीकडे राहिलं. मामाचा गुंड आला तो रेघ पडल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात. कागद छिंदवाड्याला असायला हवेत, पण २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं, त्यामुळे रेकॉर्ड हलवलंय की नाही हे तिथे गेल्यावरच कळेल. तिकडे सातबारा म्हणून चालत नाही, खसरा म्हणायचं.

पुढच्या शनिवारी सुट्टी आहे. कुणाची सौंसर तहसीलमध्ये ओळख असेल तर कळवा. आजी पण येतो म्हणते. गुडघे दुखतात, कारमध्ये बसवत नाही, पण गाव ओळखायला मी लागेन म्हणते, तुले काय दिसन तिथं.